आधी समुद्र, मग वाइन : कॅलिफोर्नियातल्या सोनोमाच्या किनाऱ्यावर सहली काढणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी मंडळांच्या सहल समित्या, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर सुट्टीला सहली ठरवणारे सगळे कार्यकर्ते

स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्टीतल्या ‘वाइन कंट्री आणि समुद्र’ सहलीचं पत्रक माझ्यापर्यंत पोचलं. सकाळी नऊला सॅन होजेहून निघायचं, हील्ड्सबर्गजवळच्या वाइनरीत टेस्टिंग, तिथेच जेवण, मग दुसरी वाइनरी, आणि शेवटी सूर्यास्ताला गोट रॉक बीच. त्यापुढे कंसात लिहिलंय, ‘मुलांना पाण्यात मनसोक्त खेळता येईल, जादा कपडे आणावेत.’ हे वाचून मी समितीला त्याच दिवशी फोन केला आणि संध्याकाळी अर्धं पान मजकूर लिहून पाठवला. त्यात या किनाऱ्यावर काय सांभाळायचं एवढंच होतं. उत्तर आलं, ‘ताई, एवढं लिहिलं तर लोक घाबरतील. आणि तिथे बोर्ड लावलेले असतातच.’ पत्रक होतं तसंच पुढे गेलं.

मला हे गप्प बसून सोडता येत नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. समितीतली माणसं मनानं चांगली आहेत, स्वतःचे शनिवार-रविवार घालवून हे सगळं करतात, हे मला ठाऊक आहे. कोणाचं नाव घेणार नाही. पण तुम्ही ज्या पाण्याजवळ साठ-सत्तर माणसांना, त्यांच्या लेकरांना आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन येताय, ते पाणी कसं आहे ते तुम्ही त्यांना सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

मी राहते रशियन नदीच्या काठी, समुद्रापासून जवळच. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे जेन्नरला सीलांची वसाहत आहे. पिल्लांच्या हंगामात तिथे स्वयंसेवक म्हणून उभं राहायचं, येणाऱ्यांना दुर्बिणीतून सील दाखवायचे आणि त्यांना सीलांपासून लांब ठेवायचं, हे काम मी करते. मूळची मी आंजर्ल्याची. समुद्र बघतच मोठी झाले. त्यामुळे आपल्या माणसांना समुद्रावर आल्यावर काय वाटतं ते मला कोणी सांगायला नको. गाडी थांबली की चपला हातात, सलवार-पँट वर दुमडलेली, आणि ‘पाय तरी भिजवून येऊ’. कोकणात हे चालतं, तेही ठरावीक वेळी आणि ठरावीक जागी. तिथला किनारा बहुतेक ठिकाणी सपाट, पाणी कोमट, लाट लांबून फुटत येते आणि पायाशी येईपर्यंत तिचा जोर गेलेला असतो. तरीही २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला आलेली १४ मुलं बुडाली. त्या पाण्याचा अंदाज त्यांना आला नाही. ती सहलच होती. आपण काढतो तशीच.

आता इथला किनारा. बोडेगा हेडपासून जेन्नरच्या थोडं पुढेपर्यंत सुमारे सतरा मैलांचा पट्टा म्हणजे सोनोमा कोस्ट स्टेट पार्क. सॅमन क्रीक, पोर्तुगीज बीच, राइट्स बीच, शेल बीच, गोट रॉक ही नावं तुमच्या पत्रकांत असतात. यातल्या बहुतेक बीचवर वाळू जाडी आहे आणि उतार एकदम तीव्र. पाण्यात चार पावलं टाकली की खाली जमीन नाही. लाट लांब फुटत नाही, काठावरच येऊन आदळते आणि तितक्याच जोरानं मागे ओढते. पाण्याचं तापमान वर्षभर साधारण दहा ते तेरा अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. एवढ्या गार पाण्यात माणूस पडला की पहिल्या क्षणाला श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं तर पाणीच आत जातं. त्यातून सावरला तरी दहाएक मिनिटांत हातपाय कामातून जातात. पोहायला येतं की नाही हा प्रश्न मग उरतच नाही. अंगात जीन्स, जाड जॅकेट आणि बूट असतात, ते वेगळंच.

हिवाळ्यात आणखी एक भर पडते. उत्तर पॅसिफिकमध्ये हजारो मैलांवर वादळं होतात, तिथून निघालेल्या लाटा दिवसेंदिवस प्रवास करून इथे पोचतात. दोन लाटांमधलं अंतर पंधरा-वीस सेकंदांचं असतं, म्हणजे लाट दिसायला फार उंच नसली तरी तिच्यामागे पाण्याचा प्रचंड साठा असतो. या लाटांचे गट एकमेकांवर चढले की मधूनच अशी एक लाट येते जी आधीच्या सगळ्या लाटांच्या खूप वरपर्यंत, कोरड्या वाळूवर धावून जाते. इथे तिला स्नीकर वेव्ह म्हणतात. दहा-वीस मिनिटं समुद्र शांत असतो, माणसं हळूहळू पुढे सरकतात, मुलं किल्ले करायला बसतात, आणि मग ती येते. एक घनमीटर समुद्राचं पाणी हजार किलोंपेक्षा जास्त भरतं. गुडघ्याएवढं पाणीसुद्धा मोठ्या माणसाला आडवं करतं.

तुमच्या पत्रकातली वेळ आता पुन्हा बघा. डिसेंबरच्या शेवटी इथे सूर्य पाचच्या आतच मावळतो. हील्ड्सबर्गहून गोट रॉकला यायला तासभर तरी लागतो, तोही वळणांच्या रस्त्यानं. म्हणजे तुमची माणसं किनाऱ्यावर पोचणार ती दिवसाच्या शेवटच्या उजेडात, दोन वाइनरी करून, जेवून, सुस्तावून. सूर्यास्ताच्या फोटोसाठी सगळे ओळीनं उभे राहणार, काही जण समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढणार. ज्यांनी लक्ष ठेवायचं त्यांच्याच पोटात वाइन. वर्षातला सगळ्यात धोक्याचा ऋतू, दिवसातली सगळ्यात वाईट वेळ आणि माणसांची सगळ्यात गाफील अवस्था, हे तिन्ही तुम्ही एकत्र आणलंय. माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार या क्रमाबद्दल आहे.

मागच्या हिवाळ्यात मी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. एका मराठी गटाबरोबर आलेल्या आजी वाळूवर पडलेल्या मोठ्या ओंडक्यावर बसल्या होत्या. नदीच्या पुरातून असे ओंडके वाहत येतात आणि किनाऱ्यावर पडून राहतात, बसायला छान वाटतात. आजींच्या अंगावर नऊवारी नव्हे, पण साडी होती, वरून मुलाचं जाडजूड जॅकेट, डोक्याला लोकरीची कानटोपी. मांडीवर स्टीलचा डबा उघडा, त्यात बेसनाचे लाडू. मी लांबून चालत येत होते, त्यांना सांगावं उठा म्हणून. पाणी तिथपर्यंत आलं ते घोट्याएवढंच होतं, त्याहून जास्त नव्हतं. पण तेवढ्या पाण्यानं तो ओंडका उचलला आणि फिरवला. आजी मागे पडल्या आणि ओंडका त्यांच्या पायावर आला. पाणी परत फिरताना साडीचा पदर ओढत नेत होतं. दोन अनोळखी तरुणांनी धावत येऊन त्यांना काखेत धरून वर ओढलं. डबा गेला, चष्मा गेला, घोट्याचं हाड मोडलं. दुसरी लाट तेवढीच मोठी आली असती तर काय झालं असतं ते मला लिहायचं नाही.

त्या मला नंतर एवढंच म्हणाल्या, ‘अगं, मी पाण्यात गेलेच नव्हते.’ खरंच गेल्या नव्हत्या. ओंडक्यावर बसू नये हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पार्किंगच्या तोंडाशी बोर्ड होता, इंग्रजीत. त्यांना इंग्रजी येत नाही. ‘तिथे बोर्ड असतातच’ या तुमच्या उत्तराला माझं हे उत्तर आहे.

लोक घाबरतील म्हणता. घाट उतरताना ड्रायव्हरला ‘सावकाश’ म्हटलं तर कोणी सहल रद्द करत नाही. वारीला निघालेल्या माणसांनाही दिंडीप्रमुख रोज सकाळी सूचना देतात, आणि ती मंडळी घाबरून घरी परतत नाहीत. आपल्याकडे जाणत्या माणसानं चार गोष्टी सांगायच्या आणि बाकीच्यांनी ऐकायच्या, ही रीतच आहे. सहल समितीनं तो जाणतेपणा घ्यावा एवढंच मागते आहे.

दुसरी तक्रार सीलांची. मार्चपासून जूनपर्यंत गोट रॉकजवळच्या वाळूच्या दांड्यावर माद्या पिल्लं घालतात. आई मासे धरायला समुद्रात जाते तेव्हा पिल्लू वाळूवर एकटंच पडून असतं, कधी कधी ओरडत असतं. आपल्या लोकांना दया येते, हे मी समजू शकते. ‘बिचारं हरवलंय’ म्हणत मुलं जवळ जातात, फोटो काढतात, एकदा तर पिल्लाला पाणी पाजायची तयारी चालली होती. माणसं आसपास दिसली की आई परत यायला बिचकते, आणि जास्त वेळ तसंच राहिलं तर पिल्लू उपाशी मरू शकतं. म्हणून पन्नास यार्ड लांब राहायचं, हा इथला नियम म्हणून पाळला जातो, आणि सीलांना त्रास देणं १९७२ च्या समुद्री सस्तन प्राणी संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. वेळासला आणि आमच्या आंजर्ल्याला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा गावकरी पाहुण्यांना दोरीच्या मागे उभं करतात, फ्लॅश मारू देत नाहीत, आणि मुंबई-पुण्याची मंडळी ते निमूट ऐकतात. तीच मंडळी इथे आल्यावर ऐकत नाहीत असं मी म्हणणार नाही. त्यांना इथे आधी सांगणारं कोणी नसतं.

तिसरी गोष्ट रस्त्याची. जेन्नरच्या उत्तरेला हायवे वन कड्याच्या अंगानं चढतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सरळ खाली समुद्र, आणि कितीतरी ठिकाणी कठडाच नाही. मोबाइलला सिग्नल लांबच लांब पट्ट्यात मिळत नाही. अशा रस्त्यावर टेस्टिंग करून आलेला माणूस गाडी चालवणार असेल तर रक्तातल्या अल्कोहोलची कॅलिफोर्नियातली ०.०८ टक्क्यांची मर्यादा सांभाळून भागत नाही. ड्रायव्हरनं एक थेंबही घेऊ नये, हे पत्रकात छापा. तुमच्या पत्रकात ‘कारपूल करा’ एवढंच आहे, गाडी कोणी चालवायची ते नाही.

कचऱ्याबद्दल फार लिहीत नाही. तुम्हालाही ते आवडत नसणार. फक्त एवढं लक्षात घ्या की तिथल्या कचरापेट्या एवढ्या माणसांच्या पावभाजीच्या प्लेटांसाठी ठेवलेल्या नाहीत. आणलेलं परत न्या.

आता ज्या गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं ती. तुम्ही या किनाऱ्याला वाइनरीनंतरचा अर्धा तास देता. ज्या वाइनला सोनोमा कोस्ट म्हणून लोक मोठ्या किमती देतात, ती वाइन या समुद्रामुळेच तशी होते, हे तरी निदान सांगायला नको का? सोनोमा कोस्ट हा अधिकृत द्राक्षप्रदेश १९८७ साली ठरला. तो इतका मोठा होता की त्यात आतल्या उबदार भागांतले मळेही आले. म्हणून खऱ्या किनारी डोंगरांवरच्या शेतकऱ्यांनी वेगळी ओळख मागितली, आणि २०१२ मध्ये फोर्ट रॉस-सीव्ह्यू, तर २०२२ मध्ये वेस्ट सोनोमा कोस्ट असे प्रदेश वेगळे झाले. फोर्ट रॉस-सीव्ह्यूचे मळे साधारण नऊशे फुटांच्या वर आहेत. त्याचं कारण धुकं. उन्हाळ्यात गार समुद्रावरून धुकं उठतं आणि खालच्या दऱ्या भरून टाकतं. त्याच्या वर डोकं काढून असलेल्या डोंगरांवर ऊन मिळतं, पण हवा समुद्राची गारच राहते. द्राक्ष हळूहळू पिकतं, आंबटपणा टिकतो. पिनो न्वार आणि शार्दोने या जातींची द्राक्षं तिथे चांगली होतात ती म्हणूनच. नाशिकच्या द्राक्षबागांत वाढलेली कितीतरी माणसं तुमच्या ग्रुपांवर आहेत. त्यांना कड्यावर उभं करून खालचं धुकं आणि वरचे मळे एकदा दाखवा. त्यांना जे समजेल ते टेस्टिंग काउंटरवर चार ग्लास ओळीनं लावून समजणार नाही.

आणि इथल्या द्राक्षांची सुरुवात तरी कुठून झाली? फोर्ट रॉसहून. १८१२ साली रशियन-अमेरिकन कंपनीच्या लोकांनी कशाया पोमो लोकांच्या मेटिनी गावाजवळ हा लाकडी किल्ला बांधला. समुद्री ऊदमांजरांची कातडी मिळवायची आणि अलास्कातल्या वसाहतींसाठी धान्य पिकवायचं, हा त्यांचा हेतू होता. शिकार करायला अलास्काचे मूळ रहिवासी आणले होते. १८१७ मध्ये पेरू देशातून द्राक्षाच्या काड्या आणून इथे लावल्या. ऊदमांजरं संपत आली, शेती हवी तशी पिकेना, आणि १८४१ मध्ये सगळं जॉन सटर नावाच्या जमीनदाराला विकून रशियन निघून गेले. लाकडी तट, बुरूज, छोटं चर्च पुन्हा उभं केलेलं आहे, आणि रोचेव्ह नावाच्या शेवटच्या व्यवस्थापकाचं घर त्या काळातलं, मूळचं आहे. हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग बघत वाढलेल्या माझ्यासारखीला इथला तट पहिल्यांदा फारच चिमुकला वाटला. पण समुद्रावर नजर ठेवणाऱ्या किल्ल्याची जागा कशी निवडतात हे आपल्या मुलांना इथे चालताचालता दाखवता येतं. तुमच्या एकाही पत्रकात फोर्ट रॉसचं नाव मी पाहिलेलं नाही.

भारतातून आलेल्या आईवडिलांना समुद्र दाखवायचाय ना? मग बोडेगा हेडच्या माथ्यावर न्या, कड्याच्या कडेपासून मागे राहून. डिसेंबरच्या शेवटाला राखाडी देवमासे अलास्काकडून मेक्सिकोच्या खाड्यांकडे जात असतात, आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत परत उत्तरेला. एप्रिल-मेमध्ये पिल्लांसह माद्या किनाऱ्याच्या बऱ्याच जवळून जातात. शांतपणे बसून पाण्यावर नजर ठेवली की फवारा दिसतो. माझ्या सासऱ्यांनी ऐंशीच्या घरात असताना इथे पहिला देवमासा पाहिला आणि गावी फोन करकरून सगळ्यांना सांगितलं. याच बोडेगा हेडवर एके काळी अणुवीज प्रकल्प व्हायचा होता, भूकंप घडवणाऱ्या सॅन अँड्रियास भूभंगाच्या अगदी शेजारी. खड्डा खणून झाला होता. स्थानिक मच्छीमार, पशुपालक, शिक्षक असे साधे लोक वर्षानुवर्षं भांडले आणि १९६४ मध्ये वीज कंपनीला माघार घ्यावी लागली. तो खड्डा आज पाण्यानं भरलेलं तळं आहे, पाखरं उतरतात.

त्या भांडणातला एक माणूस म्हणजे पेटालुमाचे जनावरांचे डॉक्टर बिल कॉर्टम. पुढे जेन्नरच्या उत्तरेला सी रँच नावाच्या वसाहतीमुळे मैलोन्‌मैल किनारा लोकांना बंद होणार असं दिसलं तेव्हा ते पुन्हा उभे राहिले. अशाच चळवळींतून १९७२ चा किनारा वाचवण्याच्या बाजूचा मतदारांचा कौल आणि १९७६ चा कोस्टल अ‍ॅक्ट आला. आज आपण या किनाऱ्यावर बिनधास्त गाड्या लावून उतरतो तो हक्क असा मिळालेला आहे. शेल बीचकडून गोट रॉककडे जाणाऱ्या पायवाटेला त्यांचंच नाव दिलंय, कॉर्टम ट्रेल. ती कड्यावरच्या गवताळ पठारावरून जाते, बऱ्यापैकी सपाट आहे, आजी-आजोबांना झेपते, आणि लाटेच्या टप्प्याच्या कितीतरी वर आहे. वाटेत मोठाले खडक आहेत. त्यांच्या काही कडा माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत घासून अगदी गुळगुळीत झालेल्या आहेत. हिमयुगातले मॅमथ हत्ती आणि गवे इथे अंग घासत असणार, असं इथल्या पुरातत्त्व अभ्यासकांनी मांडलंय. मुलांना त्या गुळगुळीत दगडावर हात फिरवायला द्या. ती तासभर तिथून हलत नाहीत, आणि पाण्याजवळ जायचा हट्टही विसरतात.

समुद्र खवळलेला असेल तर आर्मस्ट्राँग रेडवुड्सला जा. गर्नव्हिलहून जवळ आहे. तिथलं एक झाड चौदाशे वर्षांहून जुनं मानतात, दुसरं तीनशे दहा फुटांहून उंच आहे. २०२० च्या वणव्याची आग या जंगलातही शिरली होती. करपलेल्या बुंध्यांवर आता हिरवं फुटलेलं दिसतं. चाकाची खुर्ची जाईल अशी सपाट वाट आहे. पावसाळी दिवसात यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

एवढं सगळं असताना आपण लोकांना नेतो कुठे, तर काळोख पडता पडता, भरल्या पोटी, सगळ्यात धोकादायक वाळूवर.

म्हणून माझ्या मागण्या. येत्या सहलीपासूनच त्या अमलात आणाव्यात.

एक, दिवसाचा क्रम उलटा करा. समुद्र सकाळी, भर उजेडात, वाइनरी नंतर. शक्य असेल तर समुद्राचा आणि वाइनचा दिवसच वेगळा ठेवा.

दोन, पत्रकातून ‘मुलांना पाण्यात खेळता येईल’ हे वाक्य काढा, आणि आधी ज्यांना पाठवलंय त्यांना दुरुस्ती पाठवा.

तीन, आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी राष्ट्रीय हवामान खात्याच्या बे एरिया कार्यालयाची किनाऱ्यासाठीची सूचना बघा. लाटांचा इशारा असेल तर वाळूवर उतरू नका. कड्यावरून समुद्र बघून आर्मस्ट्राँगला किंवा फोर्ट रॉसला जा. असा पर्यायी कार्यक्रम पत्रकात आधीच लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाहीत.

चार, प्रत्येक गटामागे किनाऱ्यावर दोन माणसं अशी ठेवा ज्यांनी त्या दिवशी वाइन घेतलेली नाही आणि ज्यांचं काम फक्त पाण्याकडे बघणं आहे. फोटोसुद्धा काढायचे नाहीत.

पाच, मोठ्या संख्येनं जाणार असाल तर स्टेट पार्क्स खात्याला आधी विचारा. त्या छोट्या पार्किंगांमध्ये पन्नास गाड्या एकदम मावत नाहीत, आणि मग लोक हायवेच्या कडेला गाड्या लावून मुलांना घेऊन रस्ता ओलांडतात.

सहा, खालचा मजकूर पत्रकाच्या मागे छापा आणि गाडीतून उतरण्यापूर्वी मोठ्यानं वाचून दाखवा. मी समितीला पाठवला होता तोच आहे:

‘हा समुद्र आपल्या कोकणासारखा नाही. पाय भिजवायला जाऊ नका. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका. वाळू जिथपर्यंत ओली दिसते त्याच्या बरंच मागे, कोरड्यात राहा. बसण्याआधी किंवा मुलांना सोडण्याआधी वीस मिनिटं लाटा बघा. ओंडक्यांवर बसू नका, खडकांवर चढू नका, कड्याच्या टोकाला जाऊ नका, तिथली माती ढासळते. मुलांचा हात सोडू नका. सील दिसले तर लांब राहा, पिल्लू एकटं असलं तरी हात लावू नका. कोणी पाण्यात ओढलं गेलं तर त्याच्यामागे पाण्यात उडी मारू नका. वाचवायला गेलेलेच अनेकदा बुडतात. ९११ ला फोन करा, तरंगेल असं काही फेका, आणि त्या माणसावरची नजर हलवू नका. सिग्नल नसेल तर एकानं गाडी घेऊन मदत आणायला जावं, बाकीच्यांनी पाण्याकडे बघत राहावं.’

हे वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांना हे मराठीतूनच कळायला हवं, आणि ते काम स्टेट पार्क्सचं नाही, आपलं आहे.

एक प्रश्न मला हमखास विचारला जाईल, म्हणून आत्ताच लिहिते. ‘आम्ही इतकी वर्षं जातोय, काही झालं नाही.’ आजींचा घोटा मोडला ते ‘काही’ मध्ये धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. या किनाऱ्यावर माणसं वाहून जातात, काउंटी शेरिफचं हेलिकॉप्टर दोरीला माणूस लटकवून लोकांना उचलतं, आणि कधी कधी ते पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. इथे राहणाऱ्यांना ते हेलिकॉप्टर कड्यावरून जाताना ऐकू येतं, आणि दर वेळी मनात येतं की आज कोणाच्या घरची माणसं असतील.

तुमच्यापैकी कोणत्याही समितीला मदत हवी असेल तर मी आणि माझ्याबरोबरचे स्वयंसेवक यायला तयार आहोत. सकाळी बोडेगा हेडला भेटू, लोकांशी मराठीत बोलू, दुर्बिणी आणू, कॉर्टम ट्रेलवर बरोबर चालू. त्यासाठी काही द्यावं लागणार नाही. सहलीच्या आधी तुमची एक तरी बैठक होईलच. त्यात हा विषय घ्या, वरच्या सहा मागण्यांपैकी कोणत्या मान्य आणि कोणत्या नाहीत ते कारणांसह ठरवा, आणि तो निर्णय पत्रक जिथे जिथे पाठवलं त्या सगळ्या ग्रुपांवर नाताळच्या आधी कळवा.

कळावे,
रशियन नदीकाठची एक मराठी रहिवासी